एक कमी

सहल म्हटली की इतरांना डबे, गाणी, भेंड्या आठवतात; आम्हांला आकडा आठवतो. शिक्षकी पेशात तीस वर्षे काढल्यावर ज्याच्या त्याच्या अंगी काही ना काही खोड मुरतेच. कुणाला दुसऱ्याच्या पत्रातले शुद्धलेखन तपासण्याची, कुणाला पंगतीतही वर्गात बोलावे तसे बोलण्याची. आमची खोड मोजण्याची. बसमध्ये चढताना मोजायचे, उतरताना मोजायचे, देवळात शिरताना मोजायचे आणि तीर्थप्रसाद घेऊन बाहेर पडताना पुन्हा मोजायचे. मुलीच्या लग्नात वऱ्हाड बसमधून उतरत असता आमचे ओठ हालत होते, असे आमचे व्याही अद्याप चारचौघांत सांगतात.

तेव्हा गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत, इंदूरहून निघून तीन विमाने बदलून आम्ही उभयता त्रिनिदादला मुलीकडे गेलो आणि तेथे गेल्यावर आठवड्याभरातच ‘शनिवारी टोबॅगोची सहल आहे, तुमची नावे दिली आहेत’ असे तिने सांगितले, तेव्हा आमचा पहिला प्रश्न अर्थातच हा होता, “एकंदर माणसे किती?”

“चोवीस,” मुलगी म्हणाली. “आणि बाबा, तुम्ही मोजायचे नाही. तिथे मोजायला माणूस आहे.”

आमचे जावई तेथील पॉइंट लिसास या औद्योगिक वसाहतीत मिथेनॉलच्या कारखान्यात अभियंता आहेत आणि जवळच कूवा नावाच्या गावात राहतात. वस्ती बहुतेक भारतीय वंशाची. दर घराच्या अंगणात बांबूच्या काठीला लावलेल्या रंगीत पताका. त्या पताकांना तेथे ‘झंडी’ म्हणतात आणि घरी पूजा झाली की नवी झंडी उभारतात. ३० मे हा दिवस तेथे राष्ट्रीय सुटीचा. १८४५ साली त्याच तारखेला ‘फतेल रझाक’ नावाचे जहाज कलकत्त्याहून सुमारे सव्वादोनशे मजूर घेऊन त्रिनिदादला लागले, त्याचे हे स्मरण. त्या सुटीला लागून आलेल्या शनिवारी आळीतील मंडळींनी ही एक दिवसाची सहल काढली होती. संयोजिका होत्या एक निवृत्त परिचारिका. सारी आळी त्यांना आंटी म्हणे. त्यांच्या हाती एक वही होती आणि वहीत अनुक्रमांक घालून चोवीस नावे लिहिलेली होती. आमचा अनुक्रमांक १९. वही पाहून आमच्या मनात त्या बाईंविषयी तत्काळ आदर उत्पन्न झाला.

पहाटे साडेतीनला ‘मॅक्सी’ दारात आली. मॅक्सी म्हणजे तेथील मिनीबस. तिच्या अंगावर रंगीत पट्टा असतो आणि पट्ट्याच्या रंगावरून ती कोणत्या मार्गाची ते ओळखायचे. आमची हिरव्या पट्ट्याची. राजरस्त्याच्या कडेला एका ढाब्यासारख्या ठेल्यापाशी ती थांबली आणि सर्वांनी ‘डबल्स’ खाल्ले. हळद घातलेल्या मैद्याचे दोन मऊसूत तळलेले वडे, त्यांत पातळसर छोले, वरून चिंचेचे पाणी आणि किसलेल्या कैरीचे तिखट लोणचे, हा तेथील सर्वांत लोकप्रिय खाद्यपदार्थ. त्या वड्याला तेथे ‘बारा’ म्हणतात. आम्ही भाषेचे विद्यार्थी असल्यामुळे खाता खाता ‘बडा’ शब्दाचे ‘बारा’ कसे झाले याचा विचार करू लागलो, तोवर सौ.ने दुसरा मागवलाही.

स्वयंपाकघरात शब्द फार चिवटपणे टिकतात असे दिसते. तेथील मंडळींची बोलण्याची भाषा आता इंग्रजी. पूर्वजांची भोजपुरी एखाद्या लग्नगीतात उरली असेल तेवढीच. पण आलू, बैंगन, भाजी, दाल, रोटी हे शब्द जागच्या जागी आहेत. आणि नाती! आईचे आईवडील नाना-नानी, वडिलांचे आईवडील आजा-आजी. हो, आजी. पहिल्या दिवशी शेजारच्या अंगणातून एका लहान मुलाने “आजी!” अशी हाक मारली तेव्हा आमची सौ. दचकून दारात आली. तिला वाटले, नात बोलावते आहे. भोजपुरीतली आजी आणि आमची मराठी आजी यांची गाठ अशी सातासमुद्रापार पडली. पुढे त्या आजींशी सौ.चे इतके जमले की टोबॅगोच्या सहलीत दोघी बाकावर शेजारी शेजारीच बसल्या. एकीला मराठी येते, दुसरीला इंग्रजी. तीन तास अखंड बोलणे कसे चालले ते त्याच जाणोत.

पोर्ट ऑफ स्पेनच्या धक्क्यावरून जहाज सुटले तेव्हा उजाडत होते. त्या आजींचे यजमान, साठी उलटलेले शांत गृहस्थ, कठड्यापाशी आमच्याजवळ येऊन उभे राहिले. आम्ही मराठी आहोत हे कळताच त्यांनी प्रथम क्रिकेट काढले. वाडेकरांच्या संघाने १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा ते लहान होते. मडगावात जन्मलेल्या सरदेसायांचे शतक आणि पदार्पणाच्या सामन्यात गावसकरांच्या ६५ व नाबाद ६७ धावा त्यांना पाठ होत्या. सामना हरलेल्या देशातले भारतीय त्या दिवशी कोणत्या बाजूला होते, असे आम्ही विचारले. ते नुसते हसले.

मग त्यांनी समुद्रातल्या एका छोट्या बेटाकडे बोट दाखविले. ते नेल्सन बेट. १८६६ पासून येणाऱ्या मजुरांना प्रथम तेथे उतरवीत, तपासत आणि मग उसाच्या मळ्यांवर वाटून देत. १९१७ साली ही पद्धत बंद होईपर्यंत सुमारे १,४४,००० माणसे भारतातून त्रिनिदादला गेली. कलकत्त्याच्या डेपोतच प्रत्येकाच्या गळ्यात क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला अडकवीत. या गृहस्थांनी आपल्या पणजोबांची नोंद तेथील राष्ट्रीय अभिलेखागारातून शोधून काढली होती. नाव, बापाचे नाव, जात, जिल्हा बस्ती, उंची, अंगावरची खूण. गावाचे नाव कारकुनाने असे लिहिले होते की ते कोणत्याही नकाशात सापडेना. “क्रमांक मात्र स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “सर, त्यांना आमचे गाव नको होते, मोजणी बरोबर हवी होती.”

आम्ही यावर काही बोललो नाही. मोजणीची ही बाजू आमच्या ध्यानी कधी आली नव्हती.

बेटांच्या चिंचोळ्या खाडीतून जहाज उघड्या समुद्रात शिरले आणि बोलणे आपोआप संपले. कोलंबसाने या मुखाला १४९८ साली ड्रॅगनचे तोंड असे नाव दिले. ते अगदी यथार्थ आहे, याहून अधिक वर्णन करण्याच्या स्थितीत आम्ही त्या वेळी नव्हतो. ते सर्व डबल्स कोठे गेले हे सांगण्याची आवश्यकता नाही. सौ.ला काहीही झाले नाही. ती वेंगुर्ल्याची.

हे येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आमची सौ. समुद्राकाठी वाढली. लहानपणी भावांच्या बरोबरीने लाटांत शिरणारी, पोहणारी ही मुलगी लग्न होऊन इंदुरात आली आणि तेथे पाणी म्हणजे नळाचे, तेही दिवसाआड. नर्मदा दोन-अडीच तासांवर. आम्ही पुष्कळदा जात असू, पण तिने पाण्यात उतरावे असे म्हटले की आम्ही काठावरूनच ओंजळभर पाणी डोक्याला लावून “झाले स्नान” असे म्हणत असू. माहेरी गेल्यावरही आम्ही बरोबर असलो तर ती वाळूतच बसे. तिने कधी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरे झाले असते असे आता वाटते.

टोबॅगो हे सुमारे तीनशे चौरस किलोमीटरचे बेट. त्रिनिदादहून सर्वस्वी निराळे. येथे बहुतेक सर्व लोक आफ्रिकी वंशाचे, गाड्या कमी, घाई कमी. बेटाच्या पाठकण्यावरचे जंगल पाऊस टिकावा म्हणून १७७६ साली कायद्याने राखून ठेवले, ते आजही उभे आहे. स्कारबरोच्या धक्क्यावर निळ्या पट्ट्याची मॅक्सी उभी होती. आंटींनी वही उघडून नावे पुकारली, चोवीस भरली, आणि अर्ध्या तासात आम्ही पिजन पॉइंटला पोचलो.

चित्रांत पाहिलेली जागा प्रत्यक्षात तशीच असली म्हणजे माणूस जरा गोंधळतो. पांढरी वाळू, वाकलेले माड, पाण्यात दूरवर गेलेला लाकडी धक्का आणि त्याच्या टोकाला झावळ्यांनी शाकारलेली झोपडी. पाण्याचा रंग किनाऱ्याशी जवळजवळ नाहीसा, पुढे पोपटी, त्यापुढे मोरपंखी आणि जेथे प्रवाळाची रांग संपते तेथे एकदम शाईसारखा गडद. त्रिनिदादच्या भोवतालचे पाणी असे नाही. समोरच्या खंडावरून ओरिनोको नदी गाळ आणून ओतते म्हणून ते मातकट असते. टोबॅगो जरा दूर, म्हणून येथील पाणी बरेचसे वाचले आहे. माडाखाली पातेली उघडली गेली. आम्हां शाकाहारी लोकांसाठी आजींनी दालपुरी आणि भोपळ्याची भाजी वेगळ्या डब्यात आणली होती. जेवून लोक आडवे झाले. नुसते पडून राहण्याला त्या देशात ‘लाइम’ करणे म्हणतात आणि ते मन लावून करतात.

मग नाव आली. तिचा तळ काचेचा.

नावेत पाय ठेवताना दर वेळी आम्हांला जे होते ते झाले. १९९८ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा नवे शिक्षक होतो आणि सहावीच्या त्रेचाळीस मुलांना घेऊन महेश्वरला गेलो होतो. नदीच्या मधोमध बाणेश्वराचे लहानसे देऊळ आहे, तेथे नावेतून जातात. दर्शन घेऊन मुले परत नावेत बसली. आम्ही मोजली. त्रेचाळीस. नाव सोडायला सांगितली. दहा-वीस हात गेलो असू, तोच मागून हाक ऐकू आली. एक मुलगा देवळाच्या मागच्या बाजूस राहिला होता. नाव जाते आहे असे पाहून घाबरून त्याने पाण्यात उडी टाकली.

मागून येणाऱ्या दुसऱ्या नावेच्या नावाड्याने त्याला केसांना धरून वर काढले. मुलगा वाचला. आज तो चाळिशीच्या जवळ आला असेल. दिवाळीला त्याचा फोन येतो. पण त्याचे थंडगार ओठ आणि पोटातले पाणी बाहेर येतानाचा तो आवाज आम्ही विसरलो नाही. वेदान्तात दहा जणांची गोष्ट आहे. नदी ओलांडून ते एकमेकांना मोजतात आणि जो तो स्वतःला सोडून मोजतो, म्हणून दर वेळी नऊच भरतात. आमच्या हातून नेमके उलटे झाले होते. बेचाळीस मुले मोजून शेवटचे बोट आम्ही आपल्याच छातीवर ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील शाळेत आले. आम्ही शिव्या खाण्याची तयारी ठेवली होती. त्यांनी हात जोडले, मुलाच्या पुढे जाऊन त्याचे दप्तर उचलले आणि काही न बोलता निघून गेले. तेव्हापासून आम्ही मोजतो. आणि तेव्हापासून घोट्याच्या वर पाण्यात उतरलो नाही.

हे सारे सौ.ला ठाऊक होते. म्हणूनच नावेत बसताना ती फक्त एवढेच म्हणाली, “अहो, तुम्ही मधल्या बाकावर बसा.”

नावेचा तांडेल साठीचा, उंच, काळासावळा टोबॅगोकर. बकूच्या प्रवाळावरून नाव हळूहळू नेत तो काचेखालचे एकेक दाखवू लागला. मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचे गोलाकार प्रवाळ, पंख्यासारखे पसरलेले जांभळे प्रवाळ, आणि त्यांतून फिरणारे निळे-हिरवे पोपटमासे. हे मासे प्रवाळ कुरतडतात आणि त्याचे पीठ करून टाकतात; किनाऱ्यावरची सुंदर पांढरी वाळू पुष्कळशी तीच. “म्हणजे मघाशी तुम्ही सगळे माशांच्या शेणावर पडला होता,” असे त्याने गंभीरपणे सांगितले. पूर्वी पर्यटकांना रबरी जोडे देऊन या प्रवाळावर चालवीत असत. १९७३ साली हे क्षेत्र राखीव झाले, पण चालणे थांबायला आणखी पुष्कळ काळ जावा लागला. त्याच्या मागोमाग समुद्र तापू लागला. २००५ आणि २०१० साली प्रवाळ पांढरे पडले. काचेखाली कित्येक ठिकाणी नुसते करडे ढिगारे दिसत होते, तेथे तांडेल काही बोलत नसे, नाव जरा वेगाने पुढे काढी.

प्रवाळाच्या आतल्या अंगाला समुद्राच्या मध्येच एक वाळूचा उंचवटा आहे. चोहोकडे पाणी, किनारा दूर, आणि येथे मात्र खोली कमरेइतकी. याला नायलॉन पूल म्हणतात. पाणी नायलॉनच्या मोज्यांसारखे पारदर्शक आहे, असे इंग्लंडची राजकन्या मार्गारेट म्हणाली म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. येथे स्नान केले आणि तळची वाळू तोंडाला चोळली की माणूस दहा वर्षांनी तरुण होतो, अशीही समजूत आहे. तांडेलाने नांगर टाकला, शिडी सोडली आणि मंडळी धडाधड उतरू लागली. जावई नातीला खांद्यावर घेऊन उतरले. मुलगी उतरली. आजी उतरल्या. सौ.ने इंदूरहून निघताना बॅगेच्या तळाशी एक जुना सलवार-कमीज ठेवला होता. कशाला, असे आम्ही विचारले तेव्हा “असू द्या” म्हणाली होती. आज तोच तिच्या अंगावर होता. शिडीशी तिने एकदा आमच्याकडे पाहिले. आम्ही सवयीने “अगं, खोल...” एवढे बोललो, तोवर ती पाण्यात होती.

नावेत आम्ही, तांडेल आणि त्याचा मदतनीस. आम्ही मोजू लागलो. चोवीसांतून आम्ही वजा. तेवीस. पाण्यात डोकी हालती, बुडी मारणारी, एकमेकांच्या आड जाणारी. एकदा मोजली, एकवीस. पुन्हा मोजली, बावीस. तिसऱ्यांदा बोट दाखवून मोजली. बावीस. एक कमी. आम्ही एकेक चेहरा ओळखू लागलो. मुलगी आहे, जावई आहेत, नात आहे, शेजारचे गृहस्थ आहेत. सौ. नाही.

आम्ही उठून उभे राहिलो. तोंडातून आवाज निघेना. इतक्यात नातीने “आजी! आजी!” अशी किंकाळी फोडली आणि महेश्वरची ती हाक आम्हांला जशीच्या तशी ऐकू आली. आम्ही कठड्याकडे धावलो, नाव कलली, मदतनिसाने आमचा दंड धरला.

“आजी, मलापण लाव!” नात ओरडत होती.

नावेच्या दुसऱ्या अंगाला, आमच्या पाठीमागे, सौ. तोंडाला वाळू चोळत उभी होती. आमच्या मोजणीत जो भाग मुळी आलाच नव्हता तेथे. मग तिने नाक धरले, बुडी मारली आणि चार हातांवर वर आली. वेंगुर्ल्याच्या त्या मुलीला आम्ही प्रथमच पाहत होतो. लग्नाला एकोणतीस वर्षे झाली.

आम्ही बाकावर बसलो. पाय कापत होते. तांडेल सुकाणूवरून उठून आमच्यापाशी आला. त्याने सारे पाहिले असावे.

“शिक्षक का?” त्याने विचारले.

आम्ही मान हलविली.

“मोजताना ओठ हालत होते. माझी आई शिक्षिका होती.” मग त्याने पाण्याकडे पाहत, बोटही न उचलता, सावकाश एक फेरी नजर फिरविली. “तेवीस. शिवाय तुम्ही. चाळीस वर्षे मी मोजतो आहे, टीचर. आता दहा मिनिटे माझ्यावर सोडा. उतरा.”

आम्ही उतरलो ते धैर्याने नव्हे. एक तर पाय उभे राहू देत नव्हते, आणि दुसरे म्हणजे त्या माणसाच्या शब्दाला नाही म्हणता येईना. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. तिचा काही उपयोग नव्हता. शिडीच्या शेवटच्या पायरीखाली तळ लागला तेव्हा तो इतका मऊ होता की आम्ही क्षणभर शिडी सोडलीच नाही. पाणी कोमट. छातीशी आले, मग लाट ओसरली, कमरेशी गेले. स्वतःची पावले स्पष्ट दिसत होती, नखांसकट.

सौ. हळूहळू चालत आली. तिने काही विचारले नाही. ओंजळभर वाळू घेतली आणि आमच्या गालांना लावली.

“अहो, डोळे मिटा, नाही तर जाईल डोळ्यांत.”

आम्ही डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी मोजता येत नाही.

परतीचे जहाज दुपारी उशिरा सुटले. ड्रॅगनच्या तोंडाने या वेळी फारसा त्रास दिला नाही, किंवा पोटात त्याला घेण्यासारखे काही राहिले नव्हते. शेजारचे गृहस्थ बसल्या जागी झोपले होते. सौ. आणि आजी यांचे बोलणे चालूच होते. एकीचे केस दुसरी विंचरत होती. रात्री पोर्ट ऑफ स्पेनला हिरव्या पट्ट्याची मॅक्सी उभी होती. दिव्याखाली आंटींनी वही काढली आणि नावे पुकारली. १९ आले, आम्ही “हजर” म्हटले. सर्व हसले, कारण ते मराठीत म्हटले होते.

“सर,” आंटी वही पुढे करून म्हणाल्या, “तुम्ही एकदा पाहता का? तुमची मुलगी म्हणाली, तुमची मोजणी पक्की असते.”

मुलीने खिडकीबाहेर पाहिले. नात आमच्या मांडीवर झोपली होती, तिच्या कानामागे अजून पांढरी वाळू होती. आम्ही म्हटले, “आपण मोजलेत, तेच बरोबर.”

सौ.ने आमच्याकडे चमकून पाहिले, पण बोलली नाही. मॅक्सी सुटली. खोटे कशाला सांगावे? दिवे मालवल्यावर अंधारात, ओठ न हलविता, आम्ही एकदा मोजलेच. चोवीस होते.